बसून देणारे सकपाळ

सकपाळ कोणालाही काही देताना आधी खाली बसत. ब्लँकेट असो, दुधाच्या भुकटीचा डबा असो, नाहीतर नुसती चादर. चिखल असला तर एखादं पोतं टाकत, त्यावर बसत, समोरच्याला बसायला सांगत, त्याचं नाव विचारत आणि मग वस्तू त्याच्या मांडीवर ठेवत. एकेका माणसाला पाच-पाच मिनिटं लागत. बरोबर आलेली मंडळी घड्याळाकडे बघत चुळबुळ करत. मी एकदा त्यांना कारण विचारलं.

"उभं राहून दिलं की समोरच्याला हात वर करावा लागतो बाई," ते म्हणाले. "आणि मग फोटोत तो हातच दिसतो."

संकटात सापडलेल्यांना मदत करणारी आमची संस्था देशभर पसरलेली. रत्नागिरीला तिची जिल्हा शाखा होती. चिऱ्याच्या भिंतींच्या दोन खोल्या, मागे कोठार, पुढे पत्र्याची पडवी. ऐंशी साली मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा सकपाळ आधीपासून होते. कोठार सांभाळणं आणि शाळांतून, गावांतून प्रथमोपचाराचे वर्ग घेणं ही त्यांची कामं. त्याआधी ते लष्करात होते, जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणणाऱ्या तुकडीत. उंच, काळेसावळे, केस बारीक कापलेले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत अगदी सारख्या दुमडलेल्या. संगमेश्वराकडच्या एका बौद्धवाडीतले. शाखेत हेडक्लार्कना सगळे 'राव' लावून हाक मारत, ड्रायव्हरला 'मामा' म्हणत. सकपाळांना मात्र सगळे नुसतं 'सकपाळ' म्हणत, मीसुद्धा. त्यात काही असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

शाखेच्या बाहेरच्या खोलीत एक जुना फोटो होता. इंग्रज साहेबाच्या अमदानीतला. टोप्या घातलेल्या मडमा आणि गावातल्या दोन-चार बड्या घरच्या बायका एका लांब बाकावर बसून सैनिकांसाठी लोकरीचे मोजे विणताहेत. संस्थेचा इतिहास विचारला की आमचे उपाध्यक्ष भाऊसाहेब त्या फोटोकडे बोट दाखवत आणि आपली आजी कुठली ते सांगत. सकपाळ वर्गात इतिहास सांगत तो वेगळा होता. मी तो दहा-बारा वेळा तरी ऐकला असेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी परदेशात कुठेतरी मोठी लढाई झाली, हजारो जखमी मैदानात तसेच पडून राहिले. एक व्यापारी आपल्या कामासाठी त्या वाटेने चालला होता. त्याचं काम राहिलं बाजूला. जवळच्या गावातल्या बायकांना गोळा करून तो जखमींना पाणी पाजत सुटला. इथे सकपाळ थांबत आणि पोरांना विचारत, "कुठल्या बाजूच्या जखमींना?" पोरं गोंधळत. मग तेच सांगत, "दोन्ही बाजूंच्या. त्यांनी विचारलंच नाही. तिथून ही संस्था निघाली. आता पट्टी बांधायला शिकू."

जुन्या कपड्यांवरून त्यांचं आणि गावाचं कायम वाजलेलं असे. पावसाळ्यात कुठे घरं पडली की पेपरात आवाहन येई आणि बायका गाठोडी घेऊन येत. सकपाळ प्रत्येक गाठोडं देणाऱ्याच्या समोर सोडत. एकदा बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानदाराची बायको रिक्षातून दोन गाठोडी घेऊन आली. सकपाळांनी एक परकर उचलून उजेडात धरला. पाठीमागे हातभर फाटलेला.

"ताई, हा तुमच्या घरी कोण नेसेल?"

"आमच्या घरी कशाला? गरिबांसाठी आणलाय ना."

"गरिबाला पाठ असते," सकपाळ म्हणाले आणि परकर नीट घडी करून त्यांच्याकडे परत दिला. फाटके सगळे कपडे त्यांनी वेगळे काढले, तेच गाठोडं पुन्हा बांधलं आणि रिक्षात नेऊन ठेवलं. जे ठेवले त्यांची तुटलेली बटणं दुपारभर शिवत बसले. त्या बाईंनी भाऊसाहेबांकडे तक्रार केली. भाऊसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "त्याला सांगा बापटबाई, दान घेणाऱ्यानं एवढा ताठा करू नये." मी निरोप दिला. सकपाळांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "दान मी घेतोय का?"

ते फारसे हसत नसत. विनोद सांगत, पण आपण हसत नसत. त्यामुळे पुष्कळदा तो विनोद आहे की नाही ते कळत नसे. बंधाऱ्यावरची गोष्ट त्यांनी मला अशीच सांगितली. एका गावात ते वर्ग घ्यायला गेले होते. शाळा सुटायच्या सुमारास ओरडा झाला. बंधाऱ्यात उतरलेला गावातला एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण बुडाला होता. बाहेर काढला तेव्हा छाती हलत नव्हती. लोक त्याला उलटा टांगायच्या गोष्टी करत होते. सकपाळांनी सगळ्यांना मागे ढकललं, त्याचं नाक दाबून तोंडाला तोंड लावलं आणि श्वास भरत राहिले. बराच वेळ. शेवटी तो ओकला आणि रडायला लागला. घरच्यांनी सकपाळांना हाताला धरून घरी नेलं. म्हातारी आई पाया पडली. चहा टाकला. तेवढ्यात कोणीतरी आडनाव विचारलं, मग वाडी विचारली. सकपाळांनी सांगितली.

"मग?" मी विचारलं.

"मग चहा आला. सगळ्यांना कपबशीतून. मला करवंटीतून."

मी टाइपरायटरवरचे हात खाली घेतले. ते म्हणाले, "त्या पोराच्या छातीत माझाच श्वास होता बाई. तो काही त्यांना बाहेर काढता येत नव्हता. कप तेवढा हातात होता." एवढं सांगून ते नवीन आलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे लावायला कोठारात गेले. चहा प्यालात का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

संस्थेचं आणखी एक काम होतं, ते फार लोकांना माहीत नसे. लढाईत, तुरुंगात, परमुलखात हरवलेल्या माणसांचा पत्ता काढायचा आणि घरच्यांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवायचा. त्यासाठी एक छापील फॉर्म येत असे. मजकूर थोडक्यात, फक्त घरगुती. आखातात तेव्हा लढाई चालू होती आणि आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं तिकडच्या बोटींवर होती. जयगडच्या आमिनाबींचा नवरा अशाच एका मालवाहू बोटीवर होता. बोटीवर बॉम्ब पडला एवढं कळलं, पुढचं काही कळेना. सकपाळ एस.टी.ने जयगडला गेले आणि फॉर्म भरून आणला. मी तो टाइप करायला घेतला. लिहिलं होतं: 'आम्ही सगळे बरे. अब्बांचा खोकला कमी. शेळीला दोन पिल्लं झाली, एक तुझ्यासारखं कपाळावर पांढरं.' हेडक्लार्क म्हणाले, शेळीचं काढा, ते घरगुती नाही. सकपाळ म्हणाले, "शेळी घरातच बांधतात साहेब." शेळी राहिली.

आठ-नऊ महिन्यांनी तो फॉर्म तसाच परत आला. मागे शिक्का, या नावाचा माणूस सापडला नाही. मी पाकिटावर आमिनाबींचा पत्ता लिहायला घेतला तर सकपाळांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. "हे टपालानं पाठवायचं नाही." दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून जयगडला गेले. संस्थेच्या खर्चानं जायचं तर मंजुरी लागली असती आणि मंजुरीला पंधरा दिवस. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या. म्हणाले, "काही नाही. मी पडवीत बसलो. त्यांनी कागद उलटासुलटा केला. मग विचारलं, शेळीचं त्याला कळलं काय? मी म्हटलं, नाही. मग आम्ही दोघं बसून राहिलो. शेवटची गाडी आली तेव्हा उठलो."

अशा माणसाला त्या संस्थेनं काढून टाकलं. त्या पत्राचा टाइप माझा आहे.

त्या वर्षी पाऊस आठवडाभर थांबलाच नाही. आतल्या भागात एका नदीनं रात्रीतून पात्र सोडलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाची वरची वाडी कातळावर होती. तिथे काही घरांच्या छपरांचे नळे उडाले, दोन गोठे पडले. नदीकाठच्या बौद्धवाडीत मात्र चौथरे तेवढे उरले. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतून नुकसानीची यादी आली. तलाठ्यानं घरोघर फिरून केलेली. जवळजवळ सगळी नावं खालच्या वाडीतली. मी ती टाइप केली आणि तिच्यावरून सकपाळांनी ट्रकमध्ये ताडपत्र्या, ब्लँकेटं, भांडी आणि दुधाचे डबे भरायला सुरुवात केली.

संध्याकाळी भाऊसाहेब आले. त्या गावच्या पुढाऱ्यांचा त्यांना फोन आला होता. त्यांनी मला दुसरी यादी सांगितली, मी ती टाइप केली. त्यात वरच्या वाडीची जवळजवळ सगळी घरं होती आणि खालच्या वाडीतली चार-पाच. "वाटप देवळाच्या सभामंडपात होईल," भाऊसाहेब म्हणाले. "मुंबईहून पाहुणे येतायत. फोटोग्राफर सांगितलाय." मग जरा थांबून म्हणाले, "ती पहिली यादी फाइलमधून काढून ठेवा. दोन-दोन नकोत. घोळ होतो."

मी काढून ठेवली. माझ्या टेबलाच्या खणात.

सकाळी ट्रक निघाला तेव्हा सकपाळांच्या हातात दुसरी यादी होती. ती त्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. पुढचं मला ड्रायव्हरमामांनी सांगितलं. गावाच्या फाट्याला एक रस्ता वर देवळाकडे जातो, एक खाली नदीकडे. सकपाळांनी ट्रक खाली घ्यायला लावला. खालच्या वाडीतली माणसं शाळेच्या उरल्यासुरल्या भिंतीला आडोसा करून बसली होती. एक म्हातारी ट्रक बघून उठली आणि म्हणाली, "आमाला वर देवळाकडं यायला सांगलंय. पन आत नाय, भायेर उबा ऱ्हवायचा."

"आजी, कुठे जायचं नाही. इथेच बसा," सकपाळ म्हणाले, आणि चिखलात पोतं टाकून तिच्यासमोर बसले. "नाव काय तुमचं?"

"सोनाबाय. माजा घर पान्यात ग्येला."

दुपारपर्यंत वाटप चाललं. एकेकाचं नाव विचारत, एकेकाच्या मांडीवर वस्तू ठेवत. वर सभामंडपात पाहुणे, पुढारी, फोटोग्राफर आणि भाऊसाहेब वाट बघत बसले. ट्रक तिथे पोचला तेव्हा ज्यांचे नळे उडाले होते त्यांच्यापुरत्या ताडपत्र्या उरल्या होत्या आणि काही दुधाचे डबे. सकपाळांनी त्याही दिल्या. तिथेही बसूनच दिल्या. फोटोग्राफरला हवा तसा फोटो मिळाला नाही.

आठ दिवसांत समितीची बैठक बोलावली. शाखेचे अध्यक्ष म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरसाहेब, नव्यानंच बदलून आलेले, त्यांना गावं माहीत नव्हती. भाऊसाहेबांनी प्रकरण मांडलं. सरळ, सौम्य आवाजात. कर्मचाऱ्यानं ठरवलेली यादी बाजूला ठेवून सामान स्वतःच्या जातीच्या लोकांना वाटलं, संस्थेची निःपक्षपाती म्हणून असलेली अब्रू गेली. हा शब्द, निःपक्षपाती, त्यांनी तीन वेळा वापरला. मी कोपऱ्यात बसून टिपण घेत होते.

साहेबांनी सकपाळांना आत बोलावलं. त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही तुमच्या समाजाला दिलं हे खरं आहे का?"

"ज्यांची घरं वाहून गेली त्यांना दिलं साहेब. ती माझ्या समाजाची का होती ते नदीला विचारायला हवं. आणि खरं विचारायचं तर, ज्यांनी त्यांना नदीकाठी बसवलं त्यांना."

"उद्धटपणा नको," भाऊसाहेब म्हणाले.

"वाहून गेली याला आधार काय?" साहेबांनी विचारलं. मला वाटतं, त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तालुक्याहून यादी आली होती. तलाठ्याच्या सहीची. या बाईंनीच टाइप केली. त्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. भाऊसाहेबही वळले. माझी नोकरी त्यांच्या शब्दानं लागली होती आणि अजून कायम व्हायची होती. यजमान कामाला होते ती गिरणी बंद पडली होती. मी हे सबब म्हणून लिहीत नाही, फक्त तेव्हा मनात काय होतं ते लिहिते. यादी पलीकडच्या खोलीत, माझ्या खणात होती. उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"माझ्याकडे एकच यादी आली होती," मी म्हटलं.

सकपाळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. रोग्याची नाडी बघताना माणूस जसा बघतो तसे बघत होते. मग साहेबांना म्हणाले, "ठीक आहे," आणि बाहेर गेले.

पत्र भाऊसाहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं. आपल्या सेवेची शाखेस आवश्यकता उरलेली नाही, वगैरे. सकपाळ ते घ्यायला माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी उभ्यानं वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं. "बाई, तारीख चुकलीय. मागच्या महिन्याची पडलीय. एवढी दुरुस्त करून द्या. नाहीतर हा पूर आला तेव्हा मी इथे नव्हतोच असं होईल."

मी नवा कागद चढवून सगळं पत्र पुन्हा टाइप केलं. तेवढा वेळ ते समोर उभे होते. मग त्यांनी कोठाराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पट्ट्यांच्या कपाटाला वाळवी लागतेय, तेवढं बघा, असं हेडक्लार्कना सांगितलं आणि गेले.

गणपतीनंतर सोनाबाई कार्यालयात आल्या. खालच्या वाडीतली तीच म्हातारी. दोन गाड्या बदलून, डोक्यावर काकडीसारखी दोन मोठी तवसं घेऊन. पडवीतच उभ्या राहिल्या. "बसून देनारे सायेब हायत काय?" मी म्हटलं, ते नोकरी सोडून गेले. त्यांना नवल वाटलं. "सोडून? सवताहून?" मी हो म्हटलं. त्यांनी तवसं माझ्या टेबलावर ठेवली, भेटले तर द्या म्हणाल्या. ती त्या आठवड्यात कार्यालयात चिरून सगळ्यांनी मीठ लावून खाल्ली. मीही एक फोड खाल्ली.

त्या वर्षअखेर माझी नोकरी कायम झाली. शाखेच्या वार्षिक अहवालात पूरग्रस्तांच्या मदतीवर एक अख्खं पान होतं. भाऊसाहेबांचा फोटो. ब्लँकेट उचलून धरलेलं आणि खालून दोन हात आलेले. ते हात कुणाचे ते कळत नव्हतं. नंतर मला समजलं की फोटो त्या गावातला नव्हताच, जुन्या कुठल्यातरी वाटपातला होता.

सकपाळांबद्दल मधूनमधून ऐकू येई. कुणी म्हणे गावी भातशेती करतात, कुणी म्हणे मुंबईला मुलाकडे गेले. वाडीतल्या पोरांना पट्ट्या बांधायला शिकवतात का, असं मी एकदा त्यांच्या गावच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "नाय. कोन पडला झडला तर जातत. शिकवत नायत."

शेवटचे दिसले ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी, मे महिन्यात. गिरगावच्या भावाला आंब्याची पेटी पाठवायची म्हणून मी एका बागायतदाराच्या शेडवर गेले होते. गवताचा आणि पिकलेल्या हापूसचा वास कोंदला होता. कोपऱ्यात एक माणूस फळ्या ठोकत होता. बाह्या कोपरापर्यंत सारख्या दुमडलेल्या. केस पांढरे झालेले. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं, ओळखलं आणि माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन आंबे लावायला लागले. एक थर गवत, एक थर फळं.

"बरे आहात?" मी विचारलं.

"बरा आहे."

"घरी सगळे?"

"आहेत."

पेटी भरत आली. आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं. मी म्हटलं, "सकपाळराव, त्या दिवशी याद्या दोन होत्या. पहिली माझ्या खणात होती. मी खोटं बोलले."

त्यांनी वरची फळी बसवली. तोंडातला खिळा काढून टोकावर धरला आणि दोन घावांत ठोकला. मग दुसरा. मग हातोडी खाली ठेवली.

"मला तेव्हाही माहीत होतं बाई," ते म्हणाले. "तिथे, त्या लोकांसमोर सांगायचं होतं ते. इथे सांगून मी त्याचं काय करू?"

त्यांनी रंगाच्या डब्यात कुंचला बुडवला.

"पत्ता सांगा."

मी भावाचा पत्ता सांगितला. त्यांनी तो मोठ्या सुवाच्य अक्षरांत पेटीवर लिहिला, एकदा वाचून दाखवला, बरोबर आहे ना विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पेटी भिंतीकडे सरकवली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "या पुढे."